आतलं पाणी, बाहेरचं पाणी

न्यू जर्सी, कनेक्टिकट, ओंटारिओ किंवा मिनेसोटा इथे घरामागच्या अंगणात पोहण्याचा तलाव असला, तरी हिवाळ्यात तो रिकामा करून ठेवत नाहीत. पाणी गोठून फुगतं, तेव्हा ते आधीच काढून टाकलेलं बरं, असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात तसं केलं तर तलाव वाचण्याऐवजी धोक्यात येतो. म्हणून पातळी फार तर वीत-दीड वीत खाली आणतात, नळ्यांमधलं पाणी हवेच्या झोताने बाहेर काढतात, वरून जाड कापड ताणतात आणि सत्तर टन पाणी जागच्या जागी ठेवून देतात. थंड मुलखातला जुना तलाव दुरुस्तीला काढणाऱ्याने एवढी एक गोष्ट नीट समजून घेतली, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. तलावात दिसणारं पाणी त्याला सहसा मोडत नाही. त्याला मोडतं ते बाहेरचं पाणी: फरसबंदीखाली साचलेलं, काठाच्या फटीत शिरलेलं, टाइलमागे अडकलेलं आणि हौदाच्या तळाखाली चढलेलं.

अमेरिकेच्या ईशान्य भागात स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या वाट्याला असा तलाव घराबरोबरच येतो. घर १९६०-७०च्या दशकातलं, चांगल्या शाळेच्या हद्दीतलं म्हणून घेतलेलं. मागे तलाव आहे म्हटल्यावर मुलं खूश होतात, आईवडील जरा काळजीत पडतात. पहिला उन्हाळा कसाबसा निभावतो. पुढच्या वर्षी काठाखालच्या निळ्या टाइलची रांग तीन-चार ठिकाणी गळून तळाशी पडलेली दिसते, तळ पायाला खरखरीत लागतो, काठाचा एखादा दगड पाय ठेवताच डुगडुगतो. मग ठेकेदाराला बोलावणं जातं. तो टाइलचे नमुने, गिलाव्याचे रंग आणि पाण्यातल्या दिव्यांची पुस्तिका घेऊन येतो. अंदाजपत्रकातला बहुतेक पैसा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर खर्च होणार असतो. माझा आग्रह असा, की हे नमुने काही दिवस बाजूला ठेवावेत. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठे गोठतं, याचा छडा आधी लावावा. तो न लावता बसवलेली टाइल, कितीही महाग असली, तरी थोड्या हिवाळ्यांत त्याच जागेवरून पुन्हा गळते.

मुळात हा तलाव या हवेत जन्मलेला नाही. घरामागे तलाव बांधण्याची चाल दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली आणि तिचं माहेर कॅलिफोर्निया. टॉमस चर्च यांनी सोनोमा परगण्यात डॉनेल कुटुंबासाठी आखलेल्या बागेतला, १९४८च्या सुमाराचा वळणदार तलाव या चालीचा नमुना मानला जातो. अशा वळणांना लाकडी साचे ठोकून काँक्रीट ओतायचं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही खर्ची पडणार. ती अडचण सोडवली फवारलेल्या काँक्रीटने, आणि त्याचं यंत्र शोधणारा माणूस बांधकामातला नव्हताच. कार्ल एकली हा शिकागोच्या फील्ड संग्रहालयात मृत प्राणी जतन करून हुबेहूब उभे करण्याचं काम करायचा. संग्रहालय तेव्हा १८९३च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या एका इमारतीत होतं आणि तिच्या दर्शनी भिंतींचे पोपडे निघत होते. एकलीने १९०७मध्ये एक यंत्र जुळवलं. सिमेंट आणि वाळूचं कोरडं मिश्रण हवेच्या दाबाने नळीतून ढकलायचं आणि नळीच्या तोंडाशी त्यात पाणी मिसळायचं, म्हणजे माल भिंतीवर जोरात आदळून घट्ट बसतो. १९११मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्या मालाला पुढे गनाइट हे नाव पडलं. खड्डा खणायचा, सळ्यांची जाळी अंथरायची आणि त्यावर गनाइट फवारायचं, की सहा-आठ इंच जाडीचा अखंड हौद तयार. साचा लागत नाही, आकार हवा तसा घेता येतो.

कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच भागात जमीन गोठत नाही, त्यामुळे तिथे हा हौद सुखाने नांदतो. न्यू जर्सीत घराचा पाया सुमारे तीन फूट खाली न्यावा लागतो, टोरांटोच्या आसपास चार फूट, उत्तर मिनेसोटात पाच. तेवढ्या खोलीपर्यंत जमीन गोठू शकते, हे धरून हे नियम केलेले आहेत. पण तलावाभोवतीच्या फरसबंदीला असा पाया क्वचितच असतो. तो सहसा मातीवर टाकलेला चार इंची काँक्रीटचा थर असतो. म्हणजे भिंतीचा वरचा भाग, काठाचे दगड आणि फरसबंदी, सगळंच गोठणाऱ्या थरात उभं.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यातून एक उपयोगाचा आकडा निघतो. दगडातली, काँक्रीटमधली किंवा टाइलमधली सूक्ष्म छिद्रं सुमारे ९१ टक्क्यांपर्यंतच पाण्याने भरलेली असतील, तर गोठणाऱ्या पाण्याला फुगायला जागा उरते. त्याहून जास्त भरली की जागा संपते आणि पदार्थ आतून फुटायला लागतो. म्हणून कोरड्या दगडाला थंडी काही करत नाही, ओल्याला सोडत नाही. आणि नुकसान थंडी किती कडक आहे यापेक्षा पारा शून्याच्या वर-खाली किती वेळा होतो, यावर जास्त अवलंबून असतं. डिसेंबरात गोठून मार्चपर्यंत न वितळणाऱ्या प्रदेशात एकाच हिवाळ्यात थोडीच आवर्तनं होतात. दुपारी बर्फ वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं अशा न्यू जर्सीसारख्या ठिकाणी ती पुष्कळ होतात. दर वितळण्यात फट थोडं जास्त पाणी पिते, दर गोठण्यात थोडी जास्त रुंदावते.

काँक्रीटपुरता यावरचा उपाय १९३०च्या दशकात जवळजवळ अपघाताने सापडला. न्यूयॉर्क राज्यातल्या काही काँक्रीट रस्त्यांचे पट्टे बर्फाला आणि त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाला इतरांपेक्षा खूपच चांगले टिकलेले दिसले. शोध घेतला तेव्हा कळलं, की त्या सिमेंटमध्ये दळताना प्राण्यांच्या चरबीचा अंश मिसळला गेला होता. त्याने काँक्रीटमध्ये डोळ्यांना न दिसणारे हवेचे असंख्य बुडबुडे धरून ठेवले होते. पोर्टलंड सिमेंट असोसिएशनचे टी. सी. पॉवर्स यांनी १९४०च्या दशकात याची उपपत्ती मांडली: गोठताना ढकललं जाणारं पाणी जवळच्या बुडबुड्यात शिरतं, म्हणून काँक्रीटमधल्या सिमेंटच्या कोणत्याही जागेपासून बुडबुडा एक पंचमांश मिलिमीटरच्या आसपासच असला पाहिजे. आज थंड देशात उघड्यावरच्या काँक्रीटमध्ये ५ ते ७ टक्के हवा मुद्दाम धरतात. कोरड्या फवाऱ्याच्या गनाइटमध्ये मात्र असे बुडबुडे नीट बसवणं कठीण जातं आणि अनेक जुन्या हौदांत ते नाहीतच. अशा हौदाला एकच संरक्षण उरतं, आणि ते म्हणजे गोठणाऱ्या थरात असलेला त्याचा भाग कोरडा राहणं.

जमिनीचं वागणं याहून अजब. हिवाळ्यात फरसबंदी दोन-दोन इंच वर उचलली जाते, ती केवळ मातीतलं पाणी ९ टक्के फुगल्यामुळे, असं बरीच वर्षं मानलं जायचं. दक्षिण कॅरोलिना विद्यापीठातले भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांना ते पटेना, कारण हिशेब जुळत नव्हता. त्यांनी पाण्याऐवजी बेंझीन वापरून प्रयोग केले. बेंझीन गोठताना आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! १९२९ आणि १९३०च्या लेखांत त्यांनी खरं कारण मांडलं. मातीत गोठण्याची रेघ जिथे असते, तिथे बर्फाचा पातळ थर तयार होतो आणि तो खालच्या न गोठलेल्या मातीतून केशाकर्षणाने पाणी वर ओढत राहतो. थर जाडावत जातो आणि वरचं सगळं उचलत नेतो. यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: थंडी, पाणी, आणि पाणी ओढू शकणारी बारीक कणांची, गाळवट माती. थंडीवर आपला इलाज नाही. पाण्याला वाट काढून देता येते आणि माती बदलता येते. फरसबंदीखाली गाळवट मातीच्या जागी स्वच्छ खडी घातली, की केशाकर्षण तुटतं. थंड मुलखात तलाव दुरुस्त करण्याची निम्मी विद्या टेबर यांच्या या निष्कर्षात आहे, असं मला वाटतं.

आता काठापाशी गुडघ्यांवर बसून पाहू. सगळ्यात आत पाणी, त्याला लागून सहा इंच उंचीची टाइलची रांग, तिच्यावर पुढे झुकलेला काठाचा दगड. टाइल आणि दगड या दोघांच्या मागे भिंतीचा जाड माथा असतो, त्याला बाँड बीम म्हणतात. दगडाच्या मागच्या कडेपासून फरसबंदी सुरू होते. दगड आणि फरसबंदी यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची एक दरज हवी, आणि ती रबरासारख्या लवचिक सीलंटने भरलेली हवी, कारण हौद खोल बसलेला असल्याने जवळजवळ स्थिर असतो आणि फरसबंदी ऋतूप्रमाणे हलते. हे दोन शेजारी एकमेकांपासून सुटे राहिले तरच सुखात राहतात. जुन्या तलावात ही दरज पाहावी, तर सीलंट वाळून चिवट पापडी झालेलं असतं, एका बाजूने सुटलेलं असतं, फटीत पाइनच्या सुया आणि वाळू भरलेली असते. काही ठिकाणी तर कोणीतरी घरगुती उपाय म्हणून ती सिमेंटने बुजवलेली असते. हा उपाय सगळ्यात घातक. सिमेंट दोघांना जोडून टाकतं, आणि हिवाळ्यात उचलली गेलेली फरसबंदी दगडाला थेट तलावाकडे ढकलते. दगड सरकतो, त्याखालची टाइल सुटते, बाँड बीमला आडवी चीर जाते. उघड्या फटीतून उतरणारं पाणी वेगळं नुकसान करतं. ते टाइलच्या मागे जाऊन बसतं, गोठतं, आणि टाइलला मागून ढकलून पाण्यात टाकतं. टाइल पडली ती पुढून ओली होती म्हणून, असा मालकाचा समज होतो. तिला पाडणारं पाणी मागच्या बाजूने आलेलं असतं.

तपासणीची सुरुवात बादलीने करावी. तलावाच्या पाण्यातल्या पायरीवर बादली ठेवायची, ती तलावाच्याच पाण्याने भरायची, पंप बंद करायचा आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही पातळ्यांवर खूण करायची. चोवीस तासांनी पाहायचं. बाष्पीभवन दोन्हीकडे सारखंच होतं, म्हणून तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल, तर पाणी कुठेतरी गळतंय. तोच प्रयोग पंप चालू ठेवून केला आणि गळती वाढली, तर संशय दाबाखालच्या नळ्यांवर जातो. पुढे स्किमरच्या, म्हणजे भिंतीत बसवलेल्या प्लास्टिकच्या डब्याच्या, तोंडाशी, दिव्याच्या खोबणीत, चिरेजवळ रंगाचे थेंब सोडून पाहतात. फट पाणी ओढत असेल तर रंगाची रेघ आपोआप आत वळते. नळ्यांची दोन्ही तोंडं बुचांनी बंद करून दाब देतात आणि काटा खाली येतो का ते बघतात. टाइल आणि गिलावा हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहायचा. घट्ट बसलेला भाग खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजणाऱ्या जागा खडूने आखत गेलं, की बहुतेक वेळा एक नकाशा उमटतो. खुणा दाटीने पडतात त्या छपराच्या पन्हळीचं पाणी जिथे सोडलंय तिथे, अंगणाचा उतार तलावाकडे येतो तिथे, किंवा हिवाळ्यात बर्फ ओढून ढीग घालतात त्या बाजूला.

असा नकाशा समोर आला की पहिला खर्च तलावाबाहेर करावा. पन्हळीचं पाणी नळीने दूर न्यावं, चढाच्या बाजूला चर खणून त्यात खडी आणि छिद्रांची नळी घालावी, फरसबंदीचा उतार फुटाला पाव इंच या हिशेबाने तलावापासून दूर द्यावा. ही कामं फोटोत दिसत नाहीत. बाकीचा खर्च मात्र याच कामांमुळे टिकतो.

यानंतर येतं सगळ्यात जोखमीचं काम, तलाव रिकामा करणं. इथे थोडा हिशेब मांडू. ३२ फूट लांब, १६ फूट रुंद, सरासरी ५ फूट खोल असा हौद धरला, तर त्यात सुमारे ७२,००० लिटर, म्हणजे ७२ टन पाणी मावतं. काँक्रीट सहा इंच जाड धरलं, तर तळ आणि भिंती मिळून हौदाचं वजन ३३-३४ टन भरतं. तळ सपाट आहे आणि भूजल तळापासून फक्त तीन फूट वर आलंय, असं समजू. तेवढं पाणी हौदाला खालून सुमारे ४३ टन जोराने वर ढकलतं. तलाव भरलेला असेपर्यंत वरचे ७२ टन या जोराला सहज दाबून ठेवतात. ते काढले, की ३४ विरुद्ध ४३ असा सामना उरतो. बाजूची माती थोडा वेळ धरून ठेवेल, पण पाण्याने भरलेल्या टबात रिकामं पातेलं जसं तरंगतं, तसा हा काँक्रीटचा हौद खरोखर वर येतो. कधी काही इंच, कधी फूटभर. नळ्या तुटतात, भिंतीला चिरा पडतात आणि त्याला पुन्हा खाली बसवण्याचा काही मार्ग नसतो.

बांधणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून तळाच्या ड्रेनमध्ये एक झडप बसवलेली असते. बाहेरचा दाब वाढला की ती उघडते आणि भूजल आत येऊ देते. पण चाळीस वर्षं पाण्याखाली राहिलेली झडप हलेलच, याचा भरवसा कोणी धरू नये. जाणता ठेकेदार आधी हौदाशेजारी भोक पाडून भूजलाची पातळी पाहतो, गरज असेल तर तिथे पंप लावून ती खाली आणतो, आणि पाणी उतरत असतानाच तळाला ठिकठिकाणी भोकं पाडतो, म्हणजे दाब साचून राहत नाही. काम संपेपर्यंत ती उघडी ठेवतात. वेळही निवडावी लागते. बर्फ वितळून जमीन तुडुंब भरलेली असते ते एप्रिल-मे हे दिवस रिकामं करायला सगळ्यात वाईट, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोकांना उन्हाळ्यापूर्वी काम उरकायची घाई असते. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा कोरडा काळ सर्वांत बरा. लोणावळा, कर्जत किंवा अलिबागच्या फार्महाऊसवर तलाव असलेल्यांनाही हाच नियम लागू आहे, तिथे फक्त बर्फाच्या जागी पाऊस. जुलैत रिकामा करून ठेवलेला हौद किंवा इमारतीखालची पाण्याची टाकी याच कारणाने उचलली जाऊ शकते.

प्लास्टिकच्या अस्तराच्या तलावांची गोष्ट थोडक्यात. पत्र्याच्या किंवा फायबरच्या भिंतींवर अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीचं व्हिनाइल ताणलेलं असतं. जुनं अस्तर पाणी काढताच आकसतं आणि पुन्हा नीट बसत नाही, म्हणून ते बदलायचं ठरलं असेल तरच पाणी काढावं. अस्तर निघालं की पत्र्याचा गंज तपासून घ्यावा. ही संधी पुन्हा दहा-बारा वर्षांनीच मिळते.

रिकाम्या हौदातल्या चिरा सगळ्या सारख्या नसतात. गिलाव्यावरची केसासारखी बारीक जाळी म्हणजे वरवरचं आकसणं, तिच्याकडे पाहून घाबरू नये. बाँड बीममधली आडवी चीर सांगते, की फरसबंदीने ढकललं आहे किंवा मागे पाणी गोठलं आहे. तिथलं कच्चं काँक्रीट छिन्नीने खणखणीत आवाज येईपर्यंत काढावं लागतं, गंजलेल्या सळ्या घासून किंवा बदलून, नवं काँक्रीट भरून माथा पुन्हा बांधावा लागतो. तळापासून भिंतीवर चढत गेलेली आणि दोन्ही कडांची पातळी वर-खाली झालेली चीर असेल, तर ठेकेदाराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. हौद खचतोय किंवा उचलला गेलाय आणि माती स्थिरावलेली नाही, असं त्याने सांगितलं, तर तलाव बुजवून टाकायचा विचारही मोकळ्या मनाने करावा. त्यात कमीपणा काही नाही. बुजवतानाही तळ फोडून मगच खडी-माती थरांनी धुमसावी लागते, नाहीतर अंगणाखाली एक भांडं उरतं आणि वरचं गवत कायम दलदलीत राहतं.

टाइल निवडताना रंगाआधी पाणी शोषण्याचा आकडा विचारावा. पोर्सिलेन टाइल वजनाच्या ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषते, म्हणून बर्फात टिकते. सच्छिद्र अंगावर चकचकीत लेप दिलेली साधी टाइल दिसायला तशीच, पण लेपासकट फुटते. काठाच्या दगडालाही हीच कसोटी. थर सुटणारा वाळूचा दगड, विशेषतः मिठाच्या पाण्याचा तलाव असेल तर, टाळावा. मीठ आणि बर्फ मिळून त्याची सालटी काढतात.

फरसबंदी फोडलीच असेल, तर दोन गोष्टी हमखास करून घ्याव्यात, कारण त्या पुन्हा करायच्या तर पुन्हा फोडावं लागेल. एक म्हणजे जुन्या नळ्या बदलणं. दुसरी विजेची. हौदातल्या सळ्या, शिडी, पंप, भोवतालची फरसबंदी हे सगळं अमेरिकेच्या विद्युत संहितेनुसार आठ नंबरच्या जाड तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडलेलं असावं लागतं. त्यामुळे सगळ्यांचा विद्युत दाब एकच राहतो आणि ओल्या माणसाला झटका बसत नाही. दुरुस्तीत ही तार छिन्नीखाली तुटते आणि वर नवी फरसबंदी येते. म्हणून फरसबंदी झाकण्याआधी नगरपालिकेच्या तपासनिसाला ती दाखवायची असते, आणि हा नियम मला अगदी रास्त वाटतो. तळाच्या ड्रेनचं झाकणही याच वेळी बदलावं. २००२मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या कुंडात ड्रेनच्या ओढीत अडकून दगावली. तिच्या आईच्या पाठपुराव्यातून २००७मध्ये तिच्याच नावाचा कायदा झाला. अंग चिकटून बसणार नाही अशी फुगीर, प्रमाणित झाकणं त्यानंतर रूढ झाली. कायद्याची सक्ती सार्वजनिक तलावांना आहे. घरच्या तलावात पोहणारं मूलही तेवढंच लहान असतं.

गिलावा सगळ्यात शेवटी. पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा जेमतेम अर्धा इंची थर, थापीने एका दिवसात ओढायचा, मध्ये थांबायचं नाही. तो वाळवायचा नसतो, पाण्याखाली मुरवायचा असतो. म्हणून गिलावा झाला की लगेच पाणी सोडतात आणि तलाव भरेपर्यंत ते बंद करत नाहीत, कारण मध्ये बंद केलं तर त्या पातळीवर कायमची वर्तुळाकार रेघ उमटते. पहिले काही आठवडे रोज मऊ ब्रशने भिंती घासाव्या लागतात, सुटणारी चुन्याची भुकटी काढावी लागते आणि पीएच चढू देता येत नाही. थंडी तोंडावर आलेली असताना हे काम अंगावर घेऊ नये. रात्रीचा पारा शून्याकडे झुकला, तर गिलावा नीट मुरत नाही. सप्टेंबरात रिकामा केलेला तलाव ऑक्टोबर उजाडेपर्यंत गिलावा होऊन भरलेला असावा, आणि ते जमणार नसेल तर काम पुढच्या वर्षावर टाकलेलं चांगलं.

या गिलाव्याला हिवाळ्यात आतल्या पाण्याकडूनही एक धोका असतो, आणि तो गोठण्याचा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६मध्ये शहरांच्या नळ्या गंजू नयेत म्हणून एक निर्देशांक मांडला. पाणी कॅल्शियम कार्बोनेटने तृप्त आहे की भुकेलं, हे त्यावरून कळतं. पीएच, अल्कता, कॅल्शियम आणि तापमान हे त्याचे मुख्य घटक. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे, ते थंड पाण्यात जास्त विरघळतं. ऑगस्टमधल्या २८-२९ अंशांच्या पाण्यात शून्यावर असलेला निर्देशांक, दुसरं काहीही न बदलता, पाणी गोठणबिंदूपर्यंत थंड होताच सुमारे ०.७ने खाली येतो. असं भुकेलं पाणी पाच-सहा महिने कापडाखाली शांतपणे गिलाव्यातला चुना खात बसतं. वसंतात तळ पायाला खरखरीत लागतो, त्याचं मोठं कारण हेच. त्यामुळे हंगाम बंद करताना उन्हाळ्याचे आकडे न धरता थंड पाण्याच्या हिशेबाने कॅल्शियम आणि अल्कता वाढवून ठेवावी.

बंद करण्याची बाकी रीत ठरलेली आहे. कॉम्प्रेसरने नळ्या फुंकून काढायच्या, तलावाकडच्या तोंडातून बुडबुडे जोरात येत असतानाच बुचं मारायची, जिथे पाणी राहील असा संशय असेल तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉल ओतायचं. मोटारगाडीतलं विषारी एथिलीन ग्लायकॉल इथे चालत नाही. पंप आणि गाळणीच्या तळाचे स्क्रू उघडून ठेवायचे. स्किमरच्या डब्यात राहिलेलं पाणी गोठलं की तोच पहिला फुटतो. त्यात झाकण घट्ट लावलेली प्लास्टिकची रिकामी बाटली, तळाशी थोडं वजन घालून, उभी करून ठेवतात. बर्फ फुगतं, बाटली चेपली जाते, डबा वाचतो.

कापड ताणण्याआधी एक फेरी काठावरून मारावी आणि दरज बोटाने चाचपत जावं. सीलंट एखाद्या बाजूने सुटलेलं असेल, नख आत जात असेल, तर तेवढा तुकडा कापून, फट साफ करून, खाली फोमची दोरी बसवून ती त्याच दिवशी नव्याने भरावी. हे काम दुपारी, काँक्रीट कोरडं आणि उन्हाने तापलेलं असताना उरकावं. थंड, ओलसर कडेला सीलंट धरत नाही, आणि पुढच्या आठवड्यावर टाकलं तर तशी दुपार नोव्हेंबरात पुन्हा मिळेलच असं नाही.